मेश बारीक केली की स्ट्रेस वाढतच जातो: कारण कुठे शोधायचं, दुरुस्ती कुठे करायची

फायनाइट एलिमेंट ॲनालिसिसमध्ये भागाचे बारीक तुकडे, म्हणजे एलिमेंट्स, पाडून त्यांच्या जाळ्यावर, म्हणजे मेशवर, स्ट्रेस काढतात. मेकॅनिकल डिझाइनच्या एम.टेक.च्या प्रोजेक्टमध्ये, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षातही, त्यात शीर्षकातली ही अडचण हमखास येते. ब्रॅकेट असो, शाफ्ट असो की गिअरबॉक्सचं हाउसिंग. मॉडेल नीट सुटतं, डिफॉर्मेशन पटण्यासारखं दिसतं, कमाल स्ट्रेस यील्डच्या (धातू कायमचा वाकू लागतो त्या स्ट्रेसच्या) बराच खाली असतो. मग गाइड किंवा टीम लीड म्हणतात, "मेश कन्व्हर्जन्स दाखव," म्हणजे मेश बारीक करत गेलं तरी आकडा स्थिरावतो हे दाखव. एलिमेंटचा आकार निम्मा केला की कमाल स्ट्रेस वाढतो. पुन्हा निम्मा केला, पुन्हा वाढतो. लाल ठिपका आकसत जातो आणि त्यावरचा आकडा फुगत जातो. फॅक्टर ऑफ सेफ्टी आधी २ होता, मग साधारण १.५, मग १.१, मग १ च्या खाली. आता रिपोर्टमध्ये कोणता आकडा लिहायचा?

माझं उत्तर असं: भूमिती किंवा आधार दुरुस्त होईपर्यंत त्या ठिकाणचा कोणताच आकडा लिहायचा नाही. बहुतेक वेळा सॉल्व्हरचं काही चुकलेलं नसतं. तुम्ही त्याला जो प्रश्न दिलाय, त्याचं त्या बिंदूवरचं गणिती उत्तरच अनंत आहे. मेश बारीक होईल तसा सॉल्व्हर प्रामाणिकपणे त्या अनंताकडे चाललाय. म्हणून मेशिंगच्या सेटिंगमध्ये रात्र घालवण्याआधी मॉडेलकडे परत जा.

पण आधी खात्री करून घ्या की तुमची अडचण खरंच हीच आहे.

आधी निदान

ज्या भागात कमाल स्ट्रेस येतोय तेवढ्याच भागात एलिमेंटचा आकार दर वेळी निम्मा करत चार रन घ्या. बाकी मॉडेलला हात लावू नका. प्रत्येक रनमध्ये तीन गोष्टी नोंदवा: कमाल व्हॉन मायसेस स्ट्रेस (सगळ्या दिशांचे स्ट्रेस मिळून यील्डशी ताडायला काढलेला एक आकडा), कमाल डिस्प्लेसमेंट, आणि त्या लाल ठिपक्यापासून थोड्या अंतरावर, समजा ५ मिमीवर, ठरवून घेतलेल्या एकाच बिंदूवरचा स्ट्रेस. हा तिसरा आकडा बरेच जण घेत नाहीत, आणि निदान तर त्याच्यावरच होतं.

समजा ४, २, १ आणि ०.५ मिमीच्या मेशला कमाल स्ट्रेस अनुक्रमे ११८, १६२, २२२ आणि ३०४ एमपीए आला. फरक बघा: ४४, ६०, ८२. फरकच वाढत चाललाय. दर पायरीला गुणोत्तर मात्र जवळपास तेच आहे, १.३७. डिस्प्लेसमेंट आणि ५ मिमीवरचा स्ट्रेस दुसऱ्या-तिसऱ्या रनलाच स्थिर झाला असेल, तर शंका नको; ही सिंग्युलॅरिटी आहे, म्हणजे जिथे गणिती उत्तरच अनंत आहे असा बिंदू.

आता दुसरी मालिका बघा: १३१, १५८, १६८, १७१. फरक २७, १०, ३. इथे आकडा एका ठिकाणी जाऊन थांबतोय. हे खरं कन्व्हर्जन्स आहे, फक्त पहिली मेश जाड होती. शेवटच्या तीन आकड्यांवरून रिचर्डसनच्या पद्धतीने पुढचा अंदाजही काढता येतो: शेवटचा फरक ३, त्याआधीचा १०, गुणोत्तर ३.३३, म्हणून शेवटच्या आकड्यात ३ भागिले २.३३ मिळवायचे, म्हणजे साधारण १७२.३ एमपीए. ०.५ मिमीच्या मेशचं उत्तर त्याच्यापासून एक टक्क्याच्याही आत आहे. इथे काम संपलं, रिपोर्ट लिहा.

दोन रनवर निदान करू नका. १५८ वरून १६८ आणि १६२ वरून २२२ हे दोन्ही "वाढले" एवढंच दिसतं. फरक आटतोय की फुगतोय हे तिसऱ्या रनशिवाय कळत नाही.

आकडा थांबत का नाही

१९५२ साली एम. एल. विल्यम्स यांनी इलॅस्टिक प्लेटच्या कोपऱ्यात स्ट्रेस कसा वागतो हे मांडलं. आत वळलेला कोपरा, म्हणजे जिथे मटेरियलचा कोन १८० अंशांपेक्षा जास्त आहे, तिथे टोकाकडे जाताना स्ट्रेस अंतराच्या ऋण घातानं वाढतो. मटेरियलचा कोन २७० अंश असेल, म्हणजे आपला नेहमीचा काटकोनी आतला कोपरा, तर हा घात साधारण ०.४६ येतो. मटेरियलचा कोन २२५ अंश असेल तर साधारण ०.३३. आणि कोपरा मिटत मिटत क्रॅक झाला, म्हणजे ३६० अंश, तर ०.५, फ्रॅक्चर मेकॅनिक्समध्ये अंतराच्या वर्गमुळाचा जो नियम शिकवतात तो हाच.

यावरून वरचं १.३७ कुठून आलं ते कळेल. एलिमेंट निम्मं केलं की त्याचं मोजण्याचं ठिकाण टोकापासून निम्म्या अंतरावर येतं, आणि २ चा ०.४६ वा घात म्हणजे १.३७. काटकोनी कोपऱ्यात दर निम्म्याला ३७ टक्के, २२५ अंशांच्या कोपऱ्यात २५ टक्के, क्रॅकला ४१ टक्के. तुमच्या रनमध्ये वाढीचं प्रमाण यांपैकी एकाजवळ स्थिर होत असेल, तर कोपऱ्याचा कोन न बघताही सांगता येतो. एलिमेंटचा आकार आणि स्ट्रेस लॉग-लॉग आलेखावर मांडले की सरळ रेषा येते आणि तिचा उतार हाच घात असतो. व्हायवामध्ये हा एक आलेख दाखवलात तर पुढचे चार प्रश्न टळतात.

डिस्प्लेसमेंट मात्र स्थिर का राहतं? कारण त्या कोपऱ्याभोवती साठलेली स्ट्रेन एनर्जी मर्यादितच आहे. म्हणून कडकपणा, नैसर्गिक फ्रीक्वेन्सी, आधारावरच्या प्रतिक्रिया, लांबच्या भागातले स्ट्रेस हे सगळं तीक्ष्ण कोपऱ्यांच्या मॉडेलमधूनही विश्वासानं घेता येतं. मोडल ॲनालिसिस (नैसर्गिक फ्रीक्वेन्सी काढणं) करणाऱ्याने फिलेट, म्हणजे आतल्या कोपऱ्यांना दिलेली गोलाई, काढून टाकले तर ते बरोबरच आहे. त्याच मॉडेलवर फटीगचा, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराने तुटण्याचा, हिशेब केला तर ते चूक.

कोपरा: मॉडेलमधला आणि मशीनवरचा

निम्म्याहून अधिक प्रकरणं इथेच संपतात, म्हणून इथे जरा थांबू.

तीक्ष्ण कोपरा मॉडेलमध्ये येतो दोन वाटांनी. एक तर मॉडेल करणाऱ्याने फिलेट दिलाच नाही. सॉलिड मॉडेलिंगमध्ये फिलेट शेवटी द्यायची सवय असते आणि तो फेल झाला की सोडून दिला जातो. दुसरी वाट म्हणजे मेशिंगआधीची साफसफाई. "३ मिमीपेक्षा लहान फिलेट आणि होल काढा" अशी एकच सूचना पूर्ण असेंब्लीला लावली जाते आणि जो फिलेट भार वाहत होता तोही निघून जातो. साफसफाई करावीच, पण आधी जाड मेशवर एक रन घ्या, स्ट्रेस कुठून वाहतोय ते बघा, आणि त्या वाटेवरचे फिलेट राखून बाकीचे काढा. हा क्रम पाळला तर अर्धी डोकेदुखी सुरूच होत नाही.

आता एक साधा शाफ्ट घ्या. ६२०५ बेअरिंग बसवायचंय, म्हणजे सीट २५ मिमी व्यासाची. बेअरिंग टेकायला खांदा हवा, समजा ३२ मिमीचा. कॅड मॉडेलमध्ये दोन सिलिंडर एकमेकांना लावले, झाला शाफ्ट. खांद्याच्या मुळाशी काटकोन. सिम्युलेशनला हा शाफ्ट दिला की बेंडिंगमध्ये तिथे हवा तेवढा स्ट्रेस मिळतो. मेश सांगेल तो.

पण लेथवर असा काटकोन निघतच नाही. टर्निंग इन्सर्टच्या टोकाला रेडियस असतो: ०.४, ०.८, १.२ मिमी हे नेहमीचे. ऑपरेटरने ०.४ चा इन्सर्ट लावला असेल तर खांद्याच्या मुळाशी किमान ०.४ चा फिलेट आपोआप उतरतो. वरची मर्यादा बेअरिंग ठरवतं: ६२०५ च्या आतल्या रिंगचा कोपरा किमान १ मिमीचा असतो, म्हणून शाफ्टचा फिलेट १ मिमीपेक्षा मोठा चालत नाही, नाहीतर रिंग खांद्याला टेकायच्या आधी फिलेटवर चढते. म्हणजे खरा प्रश्न "स्ट्रेस किती" हा नाहीच. प्रश्न आहे "०.४ आणि १ च्या मध्ये रेडियस किती?" डिझाइन डेटा बुकमधल्या आलेखांवरून बघितलं तर या मापाच्या खांद्याला बेंडिंगमध्ये स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन फॅक्टर (स्थानिक कमाल स्ट्रेस साध्या हिशेबातल्या स्ट्रेसच्या किती पट ते) १ मिमीला साधारण २, आणि ०.४ मिमीला साधारण अडीच येतो. हा पंचवीस टक्क्यांचा फरक फिरत्या शाफ्टच्या आयुष्यात काही पटींचा फरक पाडू शकतो. ड्रॉइंगवर रेडियस लिहिला नसेल तर तो ऑपरेटरच्या हाताला आलेल्या इन्सर्टवर सोडलेला असतो. सिम्युलेशनने हा प्रश्न विचारायला लावला, तर त्याने आपलं काम चोख केलं असं मी म्हणेन.

म्हणून दुरुस्ती अशी: ड्रॉइंगवरचा रेडियस मॉडेलमध्ये आणा. ड्रॉइंगवर नसेल तर मशीन शॉपला विचारा: कोणता इन्सर्ट, कोणता कटर, ग्राइंडिंगसाठी अंडरकट देता का. कास्टिंग असेल तर पॅटर्नवाल्याला विचारा. जो सर्वात लहान रेडियस तयार मालात येऊ शकतो तो मॉडेलमध्ये घाला, कारण स्ट्रेस त्याचाच जास्त.

आणि कृपा करून नुसतं कन्व्हर्जन्स साधावं म्हणून ०.०१ मिमीचा फिलेट देऊ नका. आकडा थांबेल, पण त्या आकड्याला अर्थ नसेल. फिलेट भागाच्या मानाने खूप लहान असला की त्यावरचा कमाल स्ट्रेसही त्याच घातानं वाढतो: रेडियस निम्मा, स्ट्रेस ३७ टक्क्यांनी जास्त. म्हणजे तुम्ही मेशच्या जागी मनाला आलेला रेडियस ठेवला, एवढंच झालं.

मेशचं माप आता रेडियसवरून काढायचं. पाव वर्तुळाच्या फिलेटवर दुसऱ्या प्रतीची, म्हणजे कोपऱ्यांच्या नोड्सशिवाय (एलिमेंटच्या बिंदूंशिवाय) कडांच्या मधोमधही नोड असलेली, किमान सहा एलिमेंट्स हवीत. २ मिमी रेडियसचा पाव कंस ३.१४ मिमी लांब, म्हणून ०.५ मिमीचं एलिमेंट. ०.४ मिमी रेडियसचा कंस ०.६३ मिमी, तिथे ०.१ मिमी लागेल. पूर्ण असेंब्लीत ०.१ मिमी परवडत नाही, आणि परवडायची गरजही नाही. सबमॉडेल करा: मोठं मॉडेल फिलेटशिवाय, जाड मेशवर सोडवा, कोपऱ्याभोवतीचा तुकडा कापून त्यात खरा फिलेट घाला, कापलेल्या पृष्ठांवर मोठ्या मॉडेलची डिस्प्लेसमेंट लावा. एक तपासणी मात्र सोडू नका. कापलेल्या पृष्ठांवर दोन्ही मॉडेलचे स्ट्रेस जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर काप कोपऱ्याच्या फार जवळ घेतलाय, लांब सरका.

कोपरा दिसत नाही, तरी वाढतोय

मग आधार बघा. फिक्स्ड सपोर्ट दिलेल्या पृष्ठाच्या कडेवर लाल रेघ दिसणं हे जवळजवळ नेहमीचंच. ओढलेला दांडा पॉयसन परिणामामुळे आडवा आकसू बघतो, पण फिक्स्ड पृष्ठ त्याला आकसू देत नाही. त्या भांडणाचा स्ट्रेस कडेवर साठतो. याची एक सुंदर चाचणी आहे: त्या एका रनपुरता पॉयसन रेशो शून्य करून बघा. कडेवरचा ठिपका विरला तर तो आधाराने घडवलेला होता. चाचणी झाली की रेशो परत ०.३ करायला विसरू नका.

दुरुस्ती दोन प्रकारची. आधाराजवळचा स्ट्रेस तुमचा प्रश्नच नसेल तर सॅं व्हनांचं तत्त्व कामी येतं: आधाराचा स्थानिक परिणाम साधारण एका छेदाच्या मापाइतक्या अंतरात विरतो. तेवढा भाग वगळा आणि वगळलाय असं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा. पण भाग तिथेच तुटत असेल, तर वगळून चालणार नाही. मग समोरचा भागही मॉडेलमध्ये घ्या, बोल्टचा प्रीलोड द्या, पृष्ठांमध्ये कॉन्टॅक्ट द्या. जगात पूर्ण फिक्स्ड असं पृष्ठ नसतंच; समोरचाही पोलाद आहे आणि तोही थोडा वाकतो.

मग लोड बघा. सॉलिड मॉडेलमध्ये एका नोडवर लावलेला बिंदूभार सर्वात वाईट. बूसिनेस्क यांनी १८८५ मध्ये सोडवलेल्या प्रश्नात स्ट्रेस अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात जातो, म्हणजे मेश निम्मी केली की चौपट. इथे डिस्प्लेसमेंटसुद्धा थांबत नाही, त्यामुळे वर सांगितलेली "डिस्प्लेसमेंट स्थिर आहे ना" ही खूण इथे लागू पडत नाही. भार खऱ्या स्पर्शाच्या क्षेत्रावर पसरवा. बोल्ट असेल तर वॉशरचं वर्तुळ आखून त्यावर. बीम एलिमेंटवर मात्र बिंदूभार बिनधास्त द्या, तिथे सिद्धांतच वेगळा आहे.

भार पसरवताना आरबीई२ (एका नोडला बाकीच्या नोड्सशी जोडणाऱ्या एलिमेंटचा एक प्रकार) वापरला असेल तर थांबा. तो नोड्सना एकमेकांत कडक बांधतो, म्हणजे तुम्ही नकळत तिथे अनंत कडक तुकडा बसवला आणि त्याच्या कडेवर नवी सिंग्युलॅरिटी तयार केली. आरबीई३ भार वाटतो, कडकपणा वाढवत नाही. दोन्ही आयकॉन शेजारी असतात आणि ही अदलाबदल फार वेळा दिसते.

कॉन्टॅक्टमध्ये गोल पृष्ठ सपाटावर दाबलं तर हर्ट्झच्या १८८२ च्या उत्तरात दाब मर्यादितच येतो, तिथे आकडा थांबलाच पाहिजे. नाही थांबला तर मेश किंवा कॉन्टॅक्टचं सेटिंग तपासा. पण सपाट ठोकळ्याची तीक्ष्ण कड सपाटावर दाबली तर कडेवर दाब अनंताकडे जातो. खऱ्या ठोकळ्याला चेंफर किंवा रेडियस असतो. तो द्या.

वेल्ड असेल तर

वेल्डच्या टोशी, म्हणजे वेल्ड प्लेटच्या पृष्ठाला मिळतो त्या कडेशी, खरा रेडियस असतो, पण तो जागोजागी बदलतो आणि तो मोजून मॉडेलमध्ये घालणं व्यवहारात जमत नाही. म्हणून इथे फिलेट शोधत बसू नका. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत यासाठी दोन वाटा आहेत आणि दोन्ही सिंग्युलॅरिटी मान्य करून पुढे जातात. पहिली हॉट स्पॉटची: वेल्डच्या टो-पासून प्लेटच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावर पृष्ठावरचा स्ट्रेस वाचा, पहिल्याला १.६७ ने गुणा, त्यातून दुसऱ्याची ०.६७ पट वजा करा. टोवरचा लाल आकडा बघायचाच नाही. दुसरी इफेक्टिव्ह नॉचची: टो आणि मूळ दोन्हीकडे १ मिमीचा ठरवून दिलेला रेडियस काढा आणि मिळालेला स्ट्रेस पोलादासाठी फॅट २२५ च्या (फटीग ताकदीच्या ठरलेल्या) वक्राशी ताडा, ही वाट ५ मिमी आणि त्याहून जाड प्लेटसाठी आहे. हा १ मिमी खरा असल्याचा दावा नाही, तो त्या वक्राचाच भाग आहे. म्हणून एका पद्धतीचा स्ट्रेस दुसऱ्या पद्धतीच्या वक्राशी कधीही ताडू नका.

चेसिस किंवा फॅब्रिकेशनचं शेल मॉडेल असेल तर आणखी एक गोष्ट. दोन प्लेटच्या मध्यपृष्ठांचा सांधा जिथे येतो तो नोड प्रत्यक्षात समोरच्या प्लेटच्या जाडीच्या आत असतो. तिथला स्ट्रेस वाचायचा नाही. प्लेटचं खरं पृष्ठ जिथे सुरू होतं तिथून वाचायचा.

फिलेट दिलाय, तरीही थांबत नाही

हे प्रकरण कमी दिसतं, पण दिसलं की माणूस पार गोंधळतो.

कोपरा झूम करून बघा, कॅडच्या पृष्ठावर नाही, मेशवर. फिलेट खरंच गोल आहे की तुकड्यातुकड्यांचा? मॉडेल एसटीएलमधून (पृष्ठ सपाट त्रिकोणांत साठवणाऱ्या फाइलमधून) आलं असेल, किंवा जुन्या मेशचीच एलिमेंट्स फोडून मेश बारीक केली असेल, तर नवे नोड्स मूळ गोल पृष्ठावर जात नाहीत. ते सपाट तुकड्यांवरच बसतात. पाव वर्तुळात आठ तुकडे असतील तर प्रत्येक जोडावर सव्वाअकरा अंशांचा बारीकसा आत वळलेला कोपरा उरतो. सिंग्युलॅरिटी क्षीण असते, म्हणून सुरुवातीला कन्व्हर्जन्स झाल्यासारखं वाटतं; पण मेश अजून बारीक केली की फिलेटवर एकाऐवजी समांतर लाल रेघा दिसू लागतात. दर तुकड्याच्या जोडावर एक. ती रांग दिसली की समजा, खोट भूमितीत आहे. मूळ सॉलिडवरून नव्याने मेश करा आणि मध्यनोड गोल पृष्ठावर चिकटतात याची खात्री करा.

दुसरं कारण पहिल्या प्रतीची, म्हणजे चार नोडची टेट्रा एलिमेंट्स. त्यांच्यात स्ट्रेन पूर्ण एलिमेंटभर एकच असतो, त्यामुळे बेंडिंगमध्ये ती गरजेपेक्षा कडक वागतात आणि आकडा इतका हळू वर चढतो की तो थांबतच नाहीये असं वाटतं. दहा नोडची टेट्रा वापरली की तीच समस्या दोन रनमध्ये मिटते. आज कुठल्याही लॅबच्या संगणकावर हे परवडतं. स्ट्रेससाठी चार नोडची टेट्रा वापरायचं कारण मला दिसत नाही.

तिसरं, स्टेप फाइलमधून आलेल्या मॉडेलमधल्या चिरोट्या: फिलेटच्या शेवटी केसाएवढी रुंद पृष्ठं. मेशर तिथे लांबट, वाकडी एलिमेंट्स भरतो आणि एखाद्या नोडवर आकडा उसळतो. ओळखायची खूण सोपी आहे: सरासरी केलेला आणि न केलेला स्ट्रेस शेजारी ठेवा. चांगल्या मेशवर दोघांत थोडाच फरक असतो. इथे शेजारच्या दोन एलिमेंट्सचे आकडेच एकमेकांना ओळखत नाहीत. ती चिरोटी शेजारच्या पृष्ठात विलीन करा आणि पुन्हा मेश करा.

हे उपाय करू नका

"जाड मेशवरचा आकडा यील्डच्या खाली येतोय, तोच ठेवू." हे मी सर्वात जास्त कळकळीने सांगतो: नको. जाड मेशने किती नुकसान होऊ शकतं याचं उदाहरण नॉर्वेत आहे. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या गांड्सफ्योर्डमध्ये स्लाइपनर ए या तेल-प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया बॅलास्टिंगच्या चाचणीत फुटून बुडाला. पायातल्या काँक्रीटच्या तीन पोकळ पेशी जिथे एकत्र येतात त्या सांध्याच्या भिंतींतला शिअर स्ट्रेस फायनाइट एलिमेंट ॲनालिसिसमध्ये ४७ टक्क्यांनी कमी आला होता. तिथली मेश जाड आणि एलिमेंट्स वाकडी होती. त्या आकड्यावरून भिंतींची जाडी आणि लोखंड ठरलं. नंतर नीट केलेल्या ॲनालिसिसने सांगितलं की ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल. प्रत्यक्षात ती ६५ मीटरला फुटली. म्हणजे बारीक मेशने उत्तर जवळजवळ अचूक दिलं असतं. सिंग्युलॅरिटीच्या भीतीने मेश जाड ठेवणारा खरा स्ट्रेसही हरवून बसतो.

"प्लॅस्टिसिटी चालू करू." स्ट्रेस थांबेल हे खरं. आयएस २०६२ च्या ई२५० पोलादाला २५० एमपीएचा यील्ड देऊन हार्डनिंग (यील्डनंतर वाढत जाणारी ताकद) न दिलं तर व्हॉन मायसेस त्याच्या वर जाणारच नाही. पण आता प्लॅस्टिक स्ट्रेन बघा; तीक्ष्ण कोपऱ्यात तोच मेशबरोबर वाढत जाईल. तुम्ही आजार एका आकड्यातून दुसऱ्यात ढकलला. डक्टाइल, म्हणजे न तुटता ताणल्या जाणाऱ्या, धातूचा भाग, एकदाच येणारा स्थिर भार, आणि प्रश्न "हा कोसळेल का" एवढाच असेल तर प्लॅस्टिसिटी योग्यच, तिथे कोपऱ्यातल्या शिखराला फारसं महत्त्व नसतं. फटीगसाठी मात्र खरा रेडियसच लागतो.

"लाल एलिमेंट्स लपवून पुढचा कमाल आकडा घेऊ." किती लपवायची हे कुठल्या नियमाने ठरवलं? दुसरी रांग लपवली की आणखी कमी आकडा मिळेल. वगळायचंच असेल तर आधी अंतर ठरवा, कारण लिहा, मग वगळा.

आपली पद्धत एकदा ज्ञात उत्तरावर घासून बघा

स्वतःच्या मेशवर विश्वास बसण्यासाठी हा अर्ध्या तासाचा सराव प्रत्येकाने करावा असं मला मनापासून वाटतं. १०० मिमी रुंद, १० मिमी जाड प्लेट, मधोमध २० मिमीचं होल, लांबी ४०० मिमी ठेवा. दोन्ही टोकांना २० किलोन्यूटनने ओढा. होलपाशी उरलेला छेद ८० गुणिले १०, म्हणजे ८०० चौरस मिमी; सरासरी स्ट्रेस २५ एमपीए. या प्रमाणाला स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन फॅक्टर साधारण २.५१ येतो, म्हणून होलच्या कडेवर साधारण ६३ एमपीए यायला हवेत. किर्श यांनी १८९८ मध्ये काढलेला ३ चा आकडा अनंत रुंद प्लेटचा आहे. तो इथल्या २५ ला लावून ७५ ची वाट बघत बसू नका.

मग याच प्लेटमध्ये गोल होलाच्या जागी तेवढंच चौकोनी होल, कोपरे तीक्ष्ण ठेवून, काढा आणि तेच चार रन घ्या. मग कोपऱ्यांना २ मिमीचा रेडियस द्या आणि पुन्हा चार रन. गोल होल लगेच थांबेल, तीक्ष्ण चौकोन दर पायरीला ३७ टक्क्यांच्या आसपास चढत राहील, आणि २ मिमीचा चौकोन एलिमेंट अर्ध्या मिमीजवळ आलं की थांबू लागेल. तिन्ही मालिका एकाच आलेखावर मांडा. प्रोजेक्टच्या भागावर आकडा पळू लागला की तो आलेख शेजारी ठेवून बघा. तुमची रेषा तिघांपैकी कोणासारखी जातेय ते लगेच कळेल.

मदत मागताना नुसता रंगीत स्क्रीनशॉट पाठवू नका. चार रनचे आकडे, एलिमेंटचा प्रकार, आधार आणि लोड कुठे व कसे दिलेत, आणि त्या कोपऱ्याचा ड्रॉइंगवरचा रेडियस, एवढं लिहा. त्यावरून बहुतेक वेळा फाइल न उघडताही उत्तर देता येतं.